खुब्यात अडकलेला ट्रेड: थॉमसपायी सेल्टिक्सनी आणखी काही मोजावं का?

पार्केकाठ
२६ ऑगस्ट २०१७, रात्री ११:१५

मंगळवारी संध्याकाळी सिंकपाशी कढई घासत उभा होतो, तेवढ्यात मित्राचा मेसेज आला: "थॉमस गेला." मराठीत "गेला" हा फार वाईट शब्द आहे. हात फेसाने भरलेले, पाच-दहा सेकंद काही सुचेना. मग दुसरा मेसेज: "क्लीव्हलंडला." जिवात जीव आला आणि लगेच डोकं फिरलं.

सुट्टीवर असलेल्यांसाठी थोडक्यात सांगतो. एनबीए, म्हणजे अमेरिकेची बास्केटबॉल लीग. तिथला क्लीव्हलंडचा काइरी अर्व्हिंग आमच्या बॉस्टन सेल्टिक्सकडे. बदल्यात आयझेया थॉमस, जे क्राउडर, आन्टे झिझिच आणि ब्रुकलिनचा २०१८चा पहिल्या फेरीचा पिक (ड्राफ्टमध्ये नवा खेळाडू निवडायचा हक्क) क्लीव्हलंडकडे. दोन्ही संघांनी त्याच रात्री जाहीर करून टाकलं. मला धक्का बसलाच, पण खरा प्रश्न होता नऊ वर्षांच्या लेकीला सांगायचं कसं. ती वर्गात सगळ्यांत बुटकी. शनिवारच्या लीगला चार नंबरची हिरवी जर्सी घालून जाते, कारण पाच फूट नऊ इंचाचा माणूस एनबीएत मोसमभर सरासरी २८.९ गुण काढतो हे तिने स्वतःच्या डोळ्यांनी बघितलंय. तेही ड्राफ्टमध्ये साठावा, म्हणजे अगदी शेवटचा उचललेला माणूस.

तर सांगून झालं. तिचं रडून झालं. आणि आता शुक्रवारी थॉमस तिकडे तपासणीला गेला, तर बातम्या येतायत की कॅव्ह्जच्या (क्लीव्हलंडच्या) डॉक्टरांना खुब्याची काळजी वाटतेय, ट्रेड लटकलाय, आणि त्यांना वर आणखी काहीतरी हवंय.

मला विचारायचंय ते हे. हा खुबा काय काल उगवला? १५ मार्चला मिनेसोटाविरुद्ध तो पहिल्यांदा दुखावला. वॉशिंग्टनविरुद्धच्या सहाव्या सामन्यात पुन्हा. आणि मग १९ मे. समोर कोण? क्लीव्हलंडच! मी त्या रात्री गार्डनमध्ये, आमच्या बॉस्टनच्या स्टेडियममध्ये, वर बाल्कनीत होतो. हाफटाइमला ७२-३१. स्वतःच्या घरात ४१ गुणांनी मागे. थॉमस ब्रेकनंतर बाहेर आलाच नाही. माझ्या शेजारचे एक आजोबा पॉपकॉर्नचा रिकामा डबा घडी घालत बसले होते, घडीवर घडी, पत्त्याएवढा चौकोन होईपर्यंत. कोर्टकडे बघतच नव्हते. ४४ने हरलो. ज्या संघापुढे तो लंगडत आत गेला, त्याच संघाला तीन महिन्यांनी साक्षात्कार होतो की अरेच्चा, हा लंगडतोय?

मला तर ही सरळसरळ घासाघीस वाटते. माल पिशवीत घातला, आता वर मूठभर कोथिंबीर टाका म्हणतायत. फक्त कोथिंबीर म्हणून आमच्या तरुण पोरांपैकी कोणी ब्राउन मागतंय, कोणी टेटम.

तर दोन प्रश्न. एक, आमचे सौदे ठरवणाऱ्या डॅनी एंजने आणखी काही द्यावं का? माझं उत्तर: छदामही नाही. दोन, समजा सगळं फिसकटलं, तर थॉमस परत आमच्याकडे येणार? एप्रिलमध्ये बहीण अपघातात गेली आणि दुसऱ्या दिवशी हा माणूस शिकागोविरुद्ध उतरून ३३ गुण काढतो. वॉशिंग्टनविरुद्ध दात पडला, तासन् तास तोंडात डॉक्टरांची हत्यारं, आणि पुढच्याच सामन्यात, बहिणीच्या वाढदिवशी, ५३ गुण. त्याला आपण विकला, समोरच्याने उलटसुलट करून परत पाठवला, आणि मग ड्रेसिंग रूममध्ये त्याला काय म्हणायचं, "ये बस"?


आकडेमोड
२७ ऑगस्ट २०१७, सकाळी ८:४०

भाऊ, आधी एक दुरुस्ती. "जाहीर झालं" आणि "झालं" यात फरक आहे. साखरपुडा झालाय, अक्षता पडायच्यात. दोन्ही संघ लीगला फोन लावून सौद्याच्या अटी वाचून दाखवतात. त्यांत बहुतेक वेळा तपासणीची अट असते. संघ ती सोडून देऊ शकतो, पण एवढ्या मोठ्या व्यवहारात कोण सोडेल? तपासणीत खोट निघाली तर तीन वाटा: आहे तसा माणूस घ्या, सौदा मोडा, किंवा दोघांनी मिळून अटी बदला. कॅव्ह्ज तिसऱ्या वाटेवर उभे राहून पहिल्या दोन वाटांकडे बोट दाखवतायत.

तुम्ही झिझिचला कोथिंबीर समजत असाल तर तसं नाही. तो नसता तर हिशोबच जुळला नसता. काइरीचा येत्या मोसमाचा पगार साधारण १ कोटी ८९ लाख डॉलर. थॉमस ६३ लाख, क्राउडर ६८ लाख, मिळून १ कोटी ३१ लाख. लीगच्या नियमाने या टप्प्यात बॉस्टनला, त्यांनी दिलेल्या खेळाडूंच्या पगारापेक्षा फार तर ५० लाख जास्त पगाराचे खेळाडू घेता येतात, म्हणजे १ कोटी ८१ लाख. आठ लाख कमी पडतायत. झिझिचचे सोळा-साडेसोळा लाख घातले की बसतं. पोरगा अजून एनबीएचा एक सामना खेळला नाही, पण ट्रेडचं कुलूप त्याच्याच किल्लीने उघडलं.

आता वर काय देता येईल? क्लीव्हलंड लक्झरी टॅक्समध्ये, म्हणजे पगारांची मर्यादा ओलांडल्यावर लागणाऱ्या करात, गळ्यापर्यंत बुडालेलं आहे. आणखी एक खेळाडू घेतला तर त्याचा पगार, वर त्यावरचा कर. म्हणून मला विचाराल तर ब्राउन-टेटम ही रेडिओवरची बडबड. मिळालाच तर ड्राफ्ट पिक मिळेल, त्याला पगार द्यावा लागत नाही.

फिसकटलं तर काय, त्याची उदाहरणं आहेत. फेब्रुवारी २००९मध्ये टायसन चँडलर न्यू ऑर्लीन्सकडून ओक्लाहोमा सिटीला गेला. पायाच्या अंगठ्यावरून तिथल्या डॉक्टरांनी नापास केला, ट्रेड रद्द, माणूस परत. गंमत म्हणजे ज्या डॉक्टरने नापास केला त्यानेच आधी त्या अंगठ्याचं ऑपरेशन केलं होतं. कतरिना वादळानंतर हॉर्नेट्स, म्हणजे न्यू ऑर्लीन्सचा संघ, ओक्लाहोमातच खेळत होते, तेव्हाचं. पुढे हाच अंगठा घेऊन चँडलर २०११ला डॅलसकडून चॅम्पियन झाला आणि २०१२ला न्यूयॉर्ककडून लीगचा सर्वोत्तम बचावपटू. अलीकडचं उदाहरण मोटियुनासचं. २०१६ला ह्यूस्टनने डेट्रॉइटला दिला, पाठीवरून नापास, परत ह्यूस्टनला. म्हणजे "ये बस" म्हणायची वेळ याआधीही आलीय लोकांवर.


जांभळंसोनं
२७ ऑगस्ट २०१७, सकाळी ९:०५

बाजारात तुरी आणि इथे मारामारी. चालू द्या, मी चहा घेऊन बसलोय.

फक्त एक लक्षात असू द्या. तुमच्या लाडक्याचं नाव आमच्यामुळे पडलंय. त्याचा बाप आमच्या लेकर्सचा भक्त. १९८९च्या फायनलवर मित्राशी पैज मारली की डेट्रॉइटचे पिस्टन्स जिंकले तर मुलाचं नाव त्यांच्या आयझेया थॉमसवरून ठेवीन. पोरगं फायनलच्या आधीच जन्मलं, पण तोवर बापाला ते नावच आवडलं होतं; पुढे आम्ही ४-० असे झोपलोही. आईने स्पेलिंग तेवढं बायबलमधलं घ्यायला लावलं. तेव्हा खुब्याचं काय ते बघा, नावाचे हक्क आमचे.


इरीकाठची
२७ ऑगस्ट २०१७, दुपारी १:३०

मी क्लीव्हलंडशेजारच्या लेकवूडची, म्हणजे कोर्टाच्या पलीकडच्या बाजूची. पार्केकाठ, तुमच्या मुलीसाठी वाईट वाटलं, खरंच. पण बाकीच्यावर भांडणार.

लंगडणं टीव्हीवर दिसतं, कूर्चा दिसत नाही. ट्रेड ठरेपर्यंत दुसऱ्या संघाचे डॉक्टर त्याला हात लावू शकत नाहीत. कागद बघायला मिळाले असतील, पण कागद कोणाचे? विकणाऱ्याचे. म्हैस घेताना दात बघितले, कास बघितली, चार पावलं चालवून बघितली, तर त्याला घासाघीस म्हणत नाहीत. नाही बघितलं तर मूर्खपणा म्हणतात.

आणि तुम्ही एक गोष्ट सोयीस्करपणे गाळलीत. थॉमसचा करार पुढच्या उन्हाळ्यात संपतो. ब्रिंक्सचा (रोकड वाहणाऱ्या कंपनीचा) ट्रक भरून पैसे आणा असं तो स्वतःच म्हणालाय, आणि त्यात चूक काही नाही, आयुष्यभर चिल्लर घेऊन खेळलाय बिचारा. पण आमच्यासाठी त्याचा अर्थ काय? आम्ही घेतोय तो फक्त एक मोसम. त्यात तो जानेवारीपर्यंत बसला तर अर्धा माल गेला. काइरीच्या करारात अजून किमान दोन वर्षं आहेत. आणि आमचा सगळ्यांत मोठा खेळाडू लेब्रॉनसुद्धा पुढच्या उन्हाळ्यात मोकळा होऊ शकतो. आमच्याकडे "पुढच्या वर्षी बघू" हा पर्यायच नाही. बॉस्टनला आहे, तुमच्याकडे पोरंटोरं आणि पिक्सची कोठारं भरलीत.

वाट बघण्याचं म्हणाल तर ते आम्हाला शिकवू नका. २०१४ला विगिन्सने जुलैच्या २४ला सही केली. नव्या पोराची सही झाली की तीस दिवस त्याला ट्रेड करता येत नाही. त्याच्या बदल्यात केविन लव्ह येणार हे अख्ख्या गावाला माहीत, पण २३ ऑगस्टपर्यंत सगळे तोंडावर बोट ठेवून. महिनाभर तो पोरगा आमचा होताही आणि नव्हताही.

काइरीबद्दल मी काही वाईट लिहिणार नाही. २०१६च्या फायनलचा सातवा सामना, ८९-८९, ५३ सेकंद बाकी, गोल्डन स्टेटच्या करीच्या डोक्यावरून तो थ्री. मी बाथरूममध्ये होते. खरंच. ताण सहन होईना म्हणून नळ सोडून उभी होते. घरातला आरडाओरडा ऐकून बाहेर आले तर नवरा टीव्हीपुढे गुडघ्यांवर. ५२ वर्षं या गावाने काही जिंकलं नव्हतं. त्या माणसाला जायचंय तर जाऊ दे. पण फुकट नाही.


पार्केकाठ
२७ ऑगस्ट २०१७, रात्री १०:२०

इरीकाठची ताई, एका मोसमाचा मुद्दा मान्य, तो मी धरलाच नव्हता. म्हशीचा नाही. कारण म्हैस चालवून बघतात ती पैसे मोजायच्या आधी. तुम्ही दावं हातात घेऊन, गुलाल उधळून, गावभर सांगून झाल्यावर खुरं बघताय. एवढीच शंका होती तर मंगळवारी तोंड बंद ठेवायचं होतं.

आज सकाळी लीग नव्हती तरी पोरगी जर्सी घालून अंगणात. मी म्हटलं, काय गं? म्हणाली, "बाबा, मग आत्ता तो कोणाच्या टीममध्ये आहे?" आकडेमोड, तुम्ही कायद्याने सांगा, आत्ता या क्षणी थॉमस कोणाच्या टीममध्ये आहे? मला उत्तर देता आलं नाही. म्हटलं, "विमानतळावर आहे." तिला ते पटलं, हे त्याहून वाईट.


मुक्ता_फिजिओ
२८ ऑगस्ट २०१७, सकाळी ७:१०

थॉमसला मी तपासलेलं नाही, त्यामुळे त्याच्याबद्दल नाही, खुब्याबद्दल लिहिते. जाहीर झालेलं निदान असं की उजव्या खुब्यात हाड हाडावर घासतंय आणि खोबणीच्या कडेची कूर्चा फाटलीय.

मांडीच्या हाडाचा गोळा खोबणीत फिरतो. खोबणीच्या काठाला कूर्चेचं एक कडं असतं, बाटलीच्या झाकणातल्या रबरासारखं. गोळ्याची मान किंवा खोबणीचा काठ जरा जाड असला की खोल वाकताना दोन्ही एकमेकांवर आपटतात आणि मधलं रबर चिरडतं. आम्ही तपासताना पेशंटला उताणं झोपवतो, गुडघा पोटाशी आणतो, आणि मांडी आतल्या बाजूला वळवतो. जांघेत कळ आली की पेशंटच्या चेहऱ्यावरच कळतं, विचारावं लागत नाही. माझ्याकडे एक हॉकीचा गोलकीपर येतो, सतरा वर्षांचा. त्याला चालताना काही नाही, जिना चढताना काही नाही. टेबलावर गुडघा आत वळवला की माझं मनगट धरतो.

आता तुमच्या भांडणाबद्दल. इरीकाठची म्हणतात तसं एमआरआयमध्ये नवीन दिसलं असेलही. पण काहीच दुखत नसलेल्या खेळाडूंच्या एमआरआयमध्येही कूर्चा फाटलेली दिसते, हे आम्हाला रोजचं आहे. चित्र वाईट आणि माणूस पळतोय, हेही होतं, उलटही होतं. म्हणून दोन चांगले डॉक्टर एकाच चित्रावर दोन मतं देऊ शकतात आणि दोघेही प्रामाणिक असू शकतात. ऑपरेशन टाळून विश्रांती आणि स्नायूंचे व्यायाम हा मार्ग योग्य असू शकतो, पण त्याची तारीख कोणी देऊ शकत नाही.

काळजी करायचीच तर त्याच्या खेळाची करा. सहा फूट दहा इंचाचा माणूस थोडा मंदावला तरी उंची राहते. थॉमसचा सगळा खेळ अचानक थांबण्यात, खांदा पाडून वळण्यात आणि उजव्या-डाव्या पायाने ढकलून निघण्यात आहे. ते सगळं खुब्यातून येतं. त्याचं अर्धं पाऊल गेलं तर बाकीचं फार उरत नाही.


आकडेमोड
२८ ऑगस्ट २०१७, दुपारी १२:५०

मुक्ताताई, झकास. पार्केकाठ, तुमच्या लेकीला सांगा: अक्षता पडेपर्यंत तो बॉस्टनचाच. ट्रेड मोडला तर सगळं मूळपदावर, जणू मंगळवार उजाडलाच नव्हता. कागदावर. माणसांच्या मनात काय ते तुम्ही लिहिलंच आहे. आणि तिकडे काइरीचंही तेच होणार, ज्याने स्वतः तोंडाने "मला इथून काढा" सांगितलंय. म्हणून माझा अंदाज, मोडणार नाही. दोघांनाही परत आलेला माणूस नकोय. गुरुवारी सकाळी दहापर्यंत मुदत आहे असं ऐकतोय, त्याआधी काहीतरी छोटंसं देऊन मिटवतील.


जांभळंसोनं
२८ ऑगस्ट २०१७, दुपारी १:१५

"काहीतरी छोटंसं देऊन मिटवतील." थॉमसच दिलाय ना आधी.

(मारू नका. मुलीला माझ्याकडून सॉरी सांगा.)


पार्केकाठ
३० ऑगस्ट २०१७, सकाळी ६:३०

थॉमसने ईएसपीएनला सांगितलंय की मी काही बिघडलेला माल नाही, मी परत येईन आणि पूर्वीसारखाच खेळेन. वाचून पोटात तुटलं. कोणावर ही वेळ यावी की मी मोडका नाही असं जाहीर सांगत फिरावं? आपण इथे चार दिवस म्हशी, माल, पिशवी, कोथिंबीर लिहितोय. सुरुवात मीच केली, माहीत आहे. पण तो माणूस हे सगळं इंग्रजीत वाचत असणार.

एंजवरचा माझा राग आज जरा वेगळ्या जागी सरकलाय. मुक्ताताईंची पोस्ट वाचल्यावर वाटलं, बॉस्टनचे डॉक्टर तर हा खुबा मार्चपासून बघतायत. मग विकायला काढला तो काइरी चांगला म्हणून, की हा खुबा ठाऊक म्हणून? गेल्या मोसमातले चारच जण उरलेत आमच्याकडे: हॉरफर्ड, स्मार्ट, ब्राउन, रोझिअर. आमचा एव्हरी ब्रॅडली गेला तेव्हाच समजायला हवं होतं की या घरात फोटो भिंतीवर लावायचे नसतात.

तरी उत्तर तेच. एक पिकही जास्त देऊ नये. पण आता त्यामागे हक्काची भावना कमी आणि हट्ट जास्त आहे.


इरीकाठची
३१ ऑगस्ट २०१७, रात्री १२:२५

झालं! बुधवार संपायच्या जरा आधी. २०२०चा दुसऱ्या फेरीचा एक पिक, मायामीचा, बॉस्टनकडे होता तो आम्हाला. बस्स.


आकडेमोड
३१ ऑगस्ट २०१७, रात्री १२:३१

दुसऱ्या फेरीचा. तीन वर्षांनंतरचा. आणि तोही मायामीचा. मी "छोटंसं" म्हणालो होतो, पण इतकं छोटं मलाही वाटलं नव्हतं.


पार्केकाठ
३१ ऑगस्ट २०१७, सकाळी ७:०५

आठ दिवस! एवढ्यासाठी? ज्या पिकने कोण येणार ते पोरगं आत्ता शाळेत असेल, त्याच्यासाठी?

ताई, अभिनंदन म्हणू की काय म्हणू कळत नाही. सांभाळा त्याला. १७ ऑक्टोबरला मोसमाचा पहिलाच सामना तुमच्याकडे, आमच्याशी. खेळणार नाही तो, पण बेंचवर असेल. आमच्या घरात कोणाच्या बाजूने ओरडायचं यावर आत्तापासून तह चालू आहेत.


इरीकाठची
३ जानेवारी २०१८, सकाळी ८:२०

पार्केकाठ, तुमच्यासाठी लिहितेय. काल रात्री खेळला. पोर्टलंडविरुद्ध. आम्ही गेलो होतो. बेंचवरून उठून स्कोअररच्या टेबलापाशी आला तेव्हा सगळं स्टेडियम उभं, माझ्या नवऱ्यासकट, जो एरवी हॉटडॉगसाठीच उभा राहतो. १९ मिनिटांत १७ गुण. आम्ही जिंकलो. पण खरं सांगू? मुक्ताताईंचं ते "अर्धं पाऊल" डोक्यात बसलं होतं, त्यामुळे मी चेंडू बघतच नव्हते, उजवा पाय बघत होते. दोनदा तो आत शिरला आणि अगदी शेवटच्या क्षणी बाहेर पास दिला. गेल्या वर्षी तिथे त्याने स्वतः उडी मारली असती. पहिलाच सामना आहे, म्हणून गप्प बसले.

आज रात्री आम्ही तुमच्याकडे.


पार्केकाठ
४ जानेवारी २०१८, सकाळी ६:५०

काल लेकीला घेऊन गार्डनला गेलो. मेट्रोच्या ऑरेंज लाइनमध्ये ती एकटीच चार नंबर घालून, बाकी डब्यात सगळे अकरा, काइरीचा नंबर. लागोपाठ दोन दिवस नको म्हणून थॉमस खेळला नाही. निरोपाचा व्हिडिओही त्यानेच पुढे ढकलायला सांगितला होता, घरचे लोक असताना, स्वतः खेळत असताना व्हावा म्हणून. रास्त आहे. आम्ही जिंकलो, पण तिने सामना बघितलाच नाही. पूर्ण वेळ दुर्बीण क्लीव्हलंडच्या बेंचवर. एकदा म्हणाली, "बाबा, तो हसतोय." एवढं पुरलं तिला.

व्हिडिओ ११ फेब्रुवारीला होईल म्हणतायत. त्याच दिवशी आमच्या जुन्या दिग्गज पॉल पिअर्सची जर्सी सन्मानाने छताला चढवणार आहेत.


जांभळंसोनं
८ फेब्रुवारी २०१८, दुपारी ४:४०

भाऊ, थॉमस इकडे लेकर्सकडे आला. क्लार्कसन आणि नॅन्स गेले, थॉमस आणि फ्राय आले, वर पहिल्या फेरीचा पिक. पंधरा सामने खेळला तिकडे. पंधरा!

नावाचे हक्क आमचे म्हणालो होतो तेव्हा मस्करी करत होतो.


इरीकाठची
८ फेब्रुवारी २०१८, संध्याकाळी ५:१५

माझी तक्रार नाही कोणावर. नाही जमलं. पाय नव्हता, आणि पाय नसताना तो पाय असल्यासारखा खेळत राहिला. ऑगस्टमध्ये मी इतकी भांडले त्यातला तो दुसऱ्या फेरीचा पिक आत्ता आठवून हसू येतंय. ब्रुकलिनचा मोठा पिक तेवढा अजून आमच्याकडे आहे.


पार्केकाठ
८ फेब्रुवारी २०१८, रात्री ९:३०

म्हणजे रविवारी तो येणार नाही. व्हिडिओ तर पिअर्सच्या नाराजीनंतर जानेवारीतच रद्द झाला होता, थॉमसनेच नको म्हटलं.

लेकीने या वेळी विचारलं नाही कोणाच्या टीममध्ये म्हणून. जर्सी मात्र काखेत काचायला लागलीय. चार बोटं उंच झाली पोरगी सहा महिन्यांत. नवी घेऊ का म्हटलं, तर म्हणाली, "कुठली?"

जांभळंसोनं, एक विचारायचं राहिलं. तुमच्या डॉक्टरांनी खुबा बघितला का?


जांभळंसोनं
८ फेब्रुवारी २०१८, रात्री ९:५२

बघितला असेल. आम्ही विचारलं नाही.


मुक्ता_फिजिओ
३० मार्च २०१८, सकाळी ७:००

थॉमसचं ऑपरेशन झालंय. उजव्या खुब्याचं, दुर्बिणीतून. टाके छोटे असतात. पार्केकाठ, मुलीला सांगा, पहिले काही दिवस कुबड्या दिसतील, त्याला घाबरू नकोस.